‘नुसते इंडिकेशन’ म्हणून सोडून द्यायचे नसते

मागच्या रविवारी शेजारच्या वहिनी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आमच्याकडे आल्या. दिवाळीआधी त्या आणि भाऊ केदारनाथला जाणार आहेत. गुडघ्यांमुळे चढण झेपणार नाही म्हणून वर हेलिकॉप्टरने जायचे ठरले आहे आणि तिकिटांची खटपट सुरू आहे. कात्रणात असे होते की, एका जातीच्या हेलिकॉप्टरांच्या विद्युत यंत्रणेत आणि इंजिनावर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेत दोष आढळला असून त्यांची दुरुस्ती सक्तीची करण्यात आली आहे. वहिनींनी विचारले, “भावजी, म्हणजे इतके दिवस ही बिघडलेलीच हेलिकॉप्टरं उडत होती का हो?”

प्रश्न रास्त होता आणि दारात उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा नव्हता. मी निवृत्त होईपर्यंत हेलिकॉप्टरांच्या विद्युत आणि एव्हिऑनिक्स (इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या) दुरुस्तीचेच काम केले. बी-टू वर्गाचा परवाना होता आणि दुरुस्तीनंतर ‘हे यंत्र उडण्यास योग्य आहे’ या वाक्याखाली सही करण्याची जबाबदारी होती. आता नाशिकच्या उपनगर नावाच्या भागात राहतो. शेजारच्या गांधीनगरला लष्कराची हवाई प्रशिक्षण शाळा आहे, तिथली चेतक आणि चीता हेलिकॉप्टरे सकाळी घरावरून जातात आणि हातातला चहाचा कप खाली ठेवून आवाज ऐकण्याची सवय अजून सुटलेली नाही. त्या दिवशी वहिनींना जे सांगितले आणि जे सांगायचे राहिले, ते इथे नीट लिहीत आहे.

सुरुवात त्या आदेशापासून करतो. त्याला इंग्रजीत एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह म्हणतात आणि हँगरमध्ये सगळे ‘एडी’ म्हणतात. एखाद्या जातीच्या विमानात किंवा हेलिकॉप्टरात असा दोष आढळला की जो त्याच जातीच्या इतर यंत्रांतही असू शकतो आणि ज्यामुळे उड्डाण असुरक्षित होऊ शकते, तर ज्या देशात त्या यंत्राचा आराखडा मंजूर झाला त्या देशाचा नियामक हा आदेश काढतो. अमेरिकेत हे काम फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन करते, युरोपात ‘इयासा’ ही संस्था करते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांप्रमाणे ही माहिती ती यंत्रे वापरणाऱ्या सर्व देशांपर्यंत पोहोचते आणि आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, तिची अंमलबजावणी करून घेते. आदेश लागू असलेले हेलिकॉप्टर ठरलेल्या मुदतीत दुरुस्त झाले नाही, तर त्या क्षणापासून ते कायद्याने उडण्यास अपात्र ठरते. ते बाहेरून कितीही चकचकीत असो, इंजिन कितीही गोड चालत असो, ते जमिनीवर राहते.

आदेशाची भाषा रूक्ष असते, पण वाचायला शिकले की तिच्यात एक घडलेली गोष्ट सापडते. कोणत्या मॉडेलला आणि कोणत्या अनुक्रमांकांना तो लागू आहे हे आधी येते. मग कारण येते, आणि ते बहुधा तीन-चार ओळींतच असते: अमुक कनेक्टरमध्ये ओल शिरल्याने चुकीचा इशारा मिळाल्याच्या घटना, तमुक ठिकाणी वायरिंगची लूम, म्हणजे वायरींची जुडी, घासून शॉर्ट सर्किट झाल्याची घटना, तपासात असे निष्पन्न झाले की वगैरे. त्यानंतर काय करायचे ते येते: तपासा, बदला, वायरचा मार्ग हलवा, सॉफ्टवेअर नवे घाला, वैमानिकाच्या पुस्तिकेत हे पान जोडा. आणि मुदत येते, जसे की पुढच्या उड्डाणापूर्वी, किंवा २५ तासांच्या उड्डाणाच्या आत, किंवा अमुक तास वा अमुक महिने यांपैकी जे आधी येईल ते. काही आदेश एकदाच पाळायचे असतात. काहींत दर शंभर तासांनी तीच तपासणी पुन्हा करावी लागते आणि सुधारित भाग बसवला की मगच ती थांबते. बदलून काढलेला जुना भाग पुन्हा कोणत्याही हेलिकॉप्टरला बसवू नये, असे वाक्यही बहुतेक वेळा असते. ते मला फार शहाणपणाचे वाटते, कारण स्टोअरच्या फडताळात राहिलेला जुना भाग घाईच्या दिवशी हाताला लागतोच.

वहिनींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे आहे. आदेश निघाला याचा अर्थ सगळी हेलिकॉप्टरे बिघडलेली होती असा नाही. त्यांतल्या एका-दोघांत जे दिसले ते इतरांत वाढत असू शकते, म्हणून सगळ्यांचे झाकण उघडून पाहणे बंधनकारक झाले. पण मला त्यांना खोटा धीर द्यायचा नव्हता, म्हणून दुसरी बाजूही सांगितली. मुदत म्हणजे तोपर्यंत धोका नसल्याची हमी नव्हे. नियामक दोन गोष्टींचा मेळ घालतो: दोष किती वेगाने वाढतो आणि जगभरच्या कार्यशाळांना सुटे भाग व माणसे किती दिवसांत उपलब्ध होतील. हा अंदाज असतो, आणि अंदाज चुकतोही.

तो किती चुकू शकतो हे आमच्या व्यवसायात सर्वांना पाठ असलेल्या एका अपघातावरून कळते. १२ मार्च २००९ रोजी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळ समुद्रातल्या तेलफलाटांकडे कामगार नेणारे सिकॉर्स्की एस-९२ हेलिकॉप्टर पाण्यात कोसळले. आत अठरा जण होते, एकच वाचला. मुख्य गिअरबॉक्सच्या तेलगाळणीचे भांडे ज्या टायटॅनियमच्या स्टडवर, म्हणजे आटे असलेल्या खिळ्यांवर, बसवलेले होते, ते स्टड तुटले आणि तेल वाहून गेले. तेलाचा दाब घटल्याचा इशारा मिळाल्यापासून सुमारे अकरा मिनिटांत सगळे संपले. स्टड तुटण्याचा असाच प्रकार आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियात घडला होता, ते हेलिकॉप्टर सुखरूप उतरले होते, आणि जानेवारी २००९ मध्ये उत्पादकाने पत्रक काढून टायटॅनियमचे स्टड काढून पोलादाचे बसवण्यास सांगितलेही होते. मुदत होती १२५० उड्डाण तास किंवा एक वर्ष. अपघातानंतर दोन आठवड्यांच्या आत अमेरिकी नियामकाने तातडीचा आदेश काढला आणि तेच काम पुढच्या उड्डाणापूर्वी करणे सक्तीचे केले. काम तेच, स्टडही तेच. जानेवारीत ज्याला वर्षाची मुदत होती, त्याला मार्चमध्ये एका उड्डाणाचीही उरली नाही.

उत्पादकाचे पत्रक आणि नियामकाचा आदेश यांतला फरक समजावताना मी नव्या मुलांना नेहमी हाच अपघात सांगत असे. पत्रकाला सर्व्हिस बुलेटिन म्हणतात. त्यात शिफारस असते आणि ते कधी पाळायचे हे बऱ्याच अंशी कंपनीच्या हातात राहते. आदेशात शिफारस नसते. बहुतेक आदेशांच्या पोटात एखादे पत्रकच असते. नियामक म्हणतो, या पत्रकात सांगितले आहे ते आता करावेच लागेल.

आता विजेकडे येतो. हे माझे रोजचे काम होते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

हेलिकॉप्टर हे सतत थरथरणारे यंत्र आहे. तीन पात्यांचे छोटे हेलिकॉप्टर घ्या. त्याचा मुख्य रोटर मिनिटाला साधारण ३९० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला साडेसहा, आणि प्रत्येक पात्याचा एक हिसका धरला तर सेकंदाला सुमारे वीस हिसके. तासाला ते ७० हजारांच्या घरात जातात. त्याखाली छोट्या टर्बाइन इंजिनाचा मिनिटाला ५० हजार फेऱ्यांच्या आसपास फिरणारा गाभा, गिअरबॉक्स, शेपटीचा लांब शाफ्ट, प्रत्येकाची थरथर निराळी. या सगळ्यातून वायरींच्या लूम जातात आणि दर वीतभर अंतरावर त्यांना क्लॅम्पने धरलेले असते. क्लॅम्प म्हणजे रबराचे अस्तर लावलेली धातूची छोटी कडी. अस्तर शाबूत आहे तोवर वायर सुखात असते. तेलाच्या वाफांनी आणि उष्णतेने ते अस्तर कडक होते, तडकते, एके दिवशी गळून पडते, आणि मग उघड्या धातूची कड त्या ७० हजार हिसक्यांसह वायरवर घासू लागते.

हे डोळ्यांना कसे दिसते तेही सांगतो. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे झाकण, उघडायचे, बॅटरी सोडवायची, टॉर्च आणि दंतवैद्याकडे असतो तसा छोटा आरसा घेऊन इंजिनामागच्या भिंतीच्या मागे पाहायचे. आधी तार दिसत नाही. क्लॅम्पच्या खालच्या बाजूला शिसपेन्सिलीच्या भुग्यासारखी काळी पूड जमलेली दिसते. बोटाने पुसली तर बोट काळे होते. मग क्लॅम्पचा स्क्रू काढून लूम हळूच वळवायची. वरचे वेष्टन चकाकत असते, त्याखालचा थर पातळ होऊन पिवळसर झालेला असतो, आणि अगदी आत, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, तांबे दिसते. त्या जागेपासून बोटभर अंतरावर इंधनाची किंवा हायड्रॉलिक तेलाची नळी गेलेली असते. माझ्या हातून अशी वायर पहिल्यांदा वळवली गेली तेव्हा तिथल्या तिथे खाली बसावेसे वाटले होते. ते हेलिकॉप्टर आदल्याच दिवशी सहा माणसे घेऊन आले होते.

उघड्या तांब्याचा धातूला स्पर्श झाला की ठिणगी पडते, आणि ती दरवेळी सर्किट ब्रेकर पाडेलच असे नाही; क्षणभर लागून सुटणारी ठिणगी ब्रेकरला कळतही नाही. १९९८ साली स्विसएअरचे विमान कॅनडाजवळ कोसळून २२९ माणसे गेली, त्या आगीची सुरुवात बहुधा वायरींतल्या अशाच ठिणगीने झाली आणि वरच्या आवरणाने पेट घेतला, असे तिथल्या तपासात निष्पन्न झाले. ते विमान होते, हेलिकॉप्टर नव्हते, पण वायरीला तो फरक माहीत नसतो. त्यामुळे ‘क्लॅम्पची जागा बदला, मध्ये अंतर ठेवा, लूमवर संरक्षक नळी घाला’ असा आदेश आला की तो किरकोळ वाटून घेऊ नये. आदेशातले सुटे भाग मूठभर असतात. ते बसवण्यासाठी निम्मे हेलिकॉप्टर उघडावे लागते, आणि त्याचा खर्च व दिवस हेच खरे दुखणे असते.

दुसरा शत्रू ओल. इथे मला माझे बालपण आठवते. आमचे घर जुन्या नाशकात तांबट आळीत होते आणि आजोबा भांड्यांना कल्हई लावायचे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक होते. विमानाची वायरही कल्हई केलेलीच असते, हे पुढे शिकताना वाचले तेव्हा फार आनंद झाला. तांब्याच्या बारीक तारांवर कथिलाचा मुलामा असेल तर ती वायर साधारण १५० अंशांपर्यंत चालते, चांदीचा असेल तर २०० आणि निकेलचा असेल तर २६० अंशांपर्यंत. इंजिनाजवळ कथिलाची वायर चालत नाही, तिथे निकेलची लागते. म्हणून एखाद्याने हाताशी होती ती वायर जोडून काम भागवले तर आज सगळे चालते आणि काही महिन्यांनी घात होतो. कनेक्टरच्या पिनांवरही सोन्याचा किंवा इतर धातूचा मुलामा असतो. तो झिजला, रबरी सील सैल झाले, आत पावसाची ओल गेली की पिन हिरवट पडते. ते कळकणेच. फरक इतकाच की इथे ताक नासत नाही, कॉकपिटमधला काटा नाचू लागतो.

या नाचणाऱ्या काट्याबद्दल लिहावे म्हणूनच खरे तर मी बसलो.

इंजिनावर देखरेख ठेवणारी यंत्रणा म्हणजे काय, तर इंजिनाच्या अंगावर जागोजागी बसवलेले संवेदक, तिथून निघालेल्या वायरी, मधले संगणक आणि वैमानिकासमोरचा पडदा किंवा काटे. फेऱ्यांचा वेग, टॉर्क (म्हणजे रोटर फिरवणारा पीळ), तेलाचा दाब, तेलाचे तापमान, टर्बाइनमधल्या वायूचे तापमान. तेलाच्या वाटेत एक चुंबकाची चिप डिटेक्टर असते. बेअरिंग किंवा गिअर झिजून धातूचा कण सुटला तर तो चुंबकाच्या दोन टोकांमध्ये अडकतो, सर्किट पूर्ण होते आणि दिवा लागतो. इतकी साधी, इतकी सुंदर युक्ती मी दुसरी पाहिली नाही. टर्बाइनचे तापमान थर्मोकपलने मोजतात. दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवले की अतिसूक्ष्म वीज निर्माण होते, तिच्यावरून तापमान कळते. सूक्ष्म म्हणजे किती, तर क्रोमेल आणि अ‍ॅल्युमेलच्या जोडीत ७०० अंशांना जेमतेम २९ मिलिव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल १५०० मिलिव्होल्टचा असतो. जोडावर किंचित गंज असला, नट अर्धा फेरा सैल असला, की त्या २९ मधले एक-दोन मिलिव्होल्ट वाटेत हरवतात आणि काटा २५ ते ५० अंश कमी दाखवतो. वैमानिकाला वाटते, अजून वाव आहे. आत टर्बाइनची पाती भाजत असतात.

आमच्या व्यवसायात एक वाक्य सर्रास बोलले जाते: “काही नाही, नुसतं इंडिकेशन आहे.” म्हणजे यंत्रात दोष नाही, फक्त दाखवण्यात गडबड आहे. वाक्य कित्येकदा वस्तुस्थितीला धरूनही असते. तरी ते मला सहन होत नाही, आणि त्याचे कारण मी प्रत्यक्ष अनुभवले आहे.

एका खासगी कंपनीत होतो तेव्हाची गोष्ट. एक इंजिन असलेले हेलिकॉप्टर. पावसाळा संपत आला होता आणि तेलाच्या दाबाचा काटा अधूनमधून थरथरत असे. वैमानिकाने टेक लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, स्नॅग (दोषाची तक्रार) लिहिला. आम्ही दाबाचा ट्रान्समीटर, म्हणजे संवेदक, बदलला. दोन दिवस काटा स्थिर राहिला, पुन्हा नाचू लागला. दुसऱ्या मापकाने दाब थेट तपासला तर तो ठीक होता, म्हणून ‘इंडिकेशन’ असे ठरले. पुढचा स्नॅग आला तेव्हा जमिनीवर इंजिन चालवून पाहिले, काटा शहाण्यासारखा उभा राहिला आणि लॉगमध्ये ‘तपासले, समाधानकारक आढळले’ असे लिहिले गेले. त्यांतली एक सही माझी आहे. तिच्याबद्दल मला आजही खंत आहे.

मग एका दुपारी नाशिकला पाहुण्यांना उतरवून आम्ही दोघेच, कॅप्टनसाहेब आणि मी, मुंबईला परत निघालो. घोटीच्या बाजूला डोंगर जवळ येऊ लागले, तेव्हा काटा नाचू लागला. मी त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, “तो रोजच नाचतो.” मीही मान हलवली. चार-पाच मिनिटे गेली असतील. मग माझे लक्ष शेजारच्या तेलाच्या तापमानाच्या काट्याकडे गेले आणि तो नेहमीच्या जागेच्या वर होता. तो कधीच नाचला नव्हता, त्याच्यावर आमचा विश्वास होता. मी बोट ठेवून दाखवले. कॅप्टनसाहेबांनी एक शब्दही न बोलता हेलिकॉप्टर वळवले आणि भातखाचरांच्या पलीकडच्या एका मोकळ्या माळावर उतरवले. काउलिंग उघडले तर आतला सगळा तळ तेलाने न्हालेला होता. तेलाच्या नळीच्या जोडाला तडा गेला होता. टाकीत किती तेल उरले होते ते इथे लिहीत नाही. पुढचा घाट ओलांडण्याइतके ते नव्हते एवढे पुरे.

म्हणजे त्या दिवशी काटा खरे सांगत होता. पण महिनाभर तो खोटे सांगत आला होता, आणि आम्ही त्याला तसे सांगू दिले होते.

नंतर मी ती सगळी वायर संवेदकापासून पडद्यापर्यंत बोटाने चाचपत गेलो. इंजिनाच्या भिंतीपाशी असलेल्या कनेक्टरची एक पिन हिरवी पडली होती. आणि ज्या गोष्टीने मला सर्वात जास्त अस्वस्थ केले ती ही की, त्याच कनेक्टरला नवे सील आणि नव्या पिना बसवाव्यात अशी उत्पादकाची शिफारस आमच्या ऑफिसच्या फायलीत आधीच होती. पत्रकावर ‘ऐच्छिक’ असे होते. त्यावर कोणी पेन्सिलीने ‘पुढच्या मोठ्या तपासणीत पाहू’ असे लिहिले होते. ते लिहिणारा माणूस वाईट नव्हता. त्या आठवड्यात दोन यंत्रे जमिनीवर होती, गिऱ्हाईक फोनवर होते, आणि हेलिकॉप्टर एक दिवस उभे राहिले तर काय पडते याचा हिशेब त्याला रोज द्यावा लागत होता. अशा माणसाच्या हाती ‘ऐच्छिक’ हा शब्द द्यायचाच नसतो. सक्तीच्या आदेशाचे मोल मला तिथे कळले: आदेश आला की भांडायचे कारणच उरत नाही. मग तंत्रज्ञाला मालकापुढे हात जोडावे लागत नाहीत, तो फक्त कागद पुढे ठेवतो.

खोट्या इशाऱ्यांबद्दलच्या आदेशांना काही लोक अजूनही दुय्यम मानतात, म्हणून आणखी थोडे लिहितो. आगीचा खोटा इशारा घ्या. डिटेक्टरच्या जोडात ओल शिरली आणि लाल दिवा लागला. दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरात वैमानिक पुस्तिकेप्रमाणे पावले टाकत चांगले चालणारे इंजिन बंद करू शकतो. एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरात इंजिन बंद पडल्याचा खोटा भोंगा वाजला तर त्याला सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा (कलेक्टिव्ह) खाली घ्यायला एक-दोन सेकंद मिळतात, आणि तो घेतो, कारण त्याला तसेच शिकवलेले असते. खाली झाडे असोत की विजेच्या तारा. यात इंजिन शेवटपर्यंत निरोगी असते.

आणि वीज कमी पडली तर काय होते, हे आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. हेलिकॉप्टरातही भारनियमन असते. साधारण २८ व्होल्टचा जनरेटर गेला की २४ व्होल्टच्या बॅटरीवर निभवायचे असते, म्हणून कमी महत्त्वाची उपकरणे आपोआप तोडली जातात. कोणती उपकरणे कमी महत्त्वाची, हे आराखडा करणाऱ्याने टेबलाशी बसून ठरवलेले असते. २९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री ग्लासगो शहरात पोलिसांचे ईसी-१३५ हेलिकॉप्टर एका पबच्या छपरावर कोसळले; हेलिकॉप्टरातले तीन आणि पबमधले सात, असे दहा जण गेले. मुख्य टाकीत इंधन होते, पण ते इंजिनांच्या टाक्यांकडे ढकलणारे पंप बंद होते आणि दोन्ही इंजिने एकामागून एक विझली. इंधन कमी असल्याचे इशारे त्याआधी मिळाले होते. मला त्या अपघाताच्या तपास अहवालातली सर्वात जास्त लागलेली गोष्ट मात्र त्यानंतरची आहे. इंजिने गेल्यावर रेडिओ अल्टिमीटर आणि उतरण्याचा दिवा यांची वीज तुटली, आणि ती परत मिळवण्यासाठी वैमानिकाने एक स्विच हाताने फिरवायला हवा होता. रात्र, खाली शहर, हातात काही सेकंद, आणि जमीन किती खाली आहे हे सांगणारे उपकरण भारनियमनात गेलेले.

हे वाचल्यापासून विद्युत यंत्रणेबद्दलचा कोणताही आदेश हातात आला की मी आधी एकच गोष्ट पाहत असे: ही वायर कोणत्या बसवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या कोणत्या पट्टीवर, आहे, आणि ती बस अडचणीत जिवंत राहते की नाही.

वहिनींना मी एवढे सगळे सांगितले नाही. पण त्या जिथे जाणार आहेत तिथल्यापुरते सांगितले. केदारनाथ साधारण ३५८० मीटरवर आहे. खालच्या हवेत वैमानिकाला बहुधा टॉर्कची मर्यादा आधी लागते; वर हवा विरळ होत जाते तसे इंजिन तेवढ्याच शक्तीसाठी अधिक तापते आणि तापमानाची मर्यादा आधी लागू लागते. म्हणजे नाशकात जो काटा दुसऱ्या रांगेत असतो, तो तिथे पहिल्या रांगेत येतो. तो २९ मिलिव्होल्टवाला काटा. एक-दोन मिलिव्होल्ट हरवलेल्या काट्यावर भरवसा ठेवून माणसे चढवायची नसतात, म्हणून त्याच्या जोडांची तपासणी सक्तीची झाली तर ती त्यांच्यासाठीच झाली आहे. त्यांच्या कात्रणातला आदेश एका परदेशी कार्यालयात निघाला असेल, पण तो शेवटी कुठल्यातरी हेलिपॅडवर थंडीत आरसा आणि टॉर्च घेऊन वाकलेल्या एका पोराच्या हातून पाळला जाणार आहे.

एक गोष्ट मात्र मी ठासून सांगितली. तिथे गेल्यावर उड्डाण रद्द झाले, काउलिंग उघडून दोन माणसे आत डोकावताना दिसली, तर काउंटरवर भांडू नका. देखभालीच्या माणसांना मागून येणारा ‘अजून किती वेळ’ हा प्रश्न ऐकू येतो. आम्हाला तो नेहमी ऐकू यायचा. पुस्तकात किमान उपकरणांची एक यादी असते, तिच्यात बसणारा दोष तीन दिवस किंवा दहा दिवस पुढे ढकलता येतो, आणि दोष त्या यादीत बसतो आहे का हे ठरवणाऱ्या माणसाचे मन त्या प्रश्नाने नकळत झुकते. सक्तीचा आदेश त्याला या झुकण्यापासून वाचवतो, पण प्रत्येक हिरव्या पिनेसाठी आदेश निघत नसतो.

२०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. २०१५ चा ज्यांनी पाहिला त्यांना ठाऊक आहे की मुख्य पर्वण्या भर पावसाळ्यात येतात. पाहुण्यांची, पोलिसांची, प्रवाशांची हेलिकॉप्टरे तेव्हा इथे उघड्यावर, ताडपत्रीखाली रात्र काढतील, आणि त्र्यंबकचा पाऊस कनेक्टरच्या सीलला सवलत देत नाही. आमच्याकडे अजून परवाना चालू असलेली दोन-तीन मुले घरी येतात. त्यांना मी आत्तापासून सांगतो आहे की पावसात उभ्या राहिलेल्या यंत्राचे सकाळी पहिले काम म्हणजे इंजिनाच्या भिंतीवरचा कनेक्टर हाताने चाचपणे, आणि पुस्तकात परवानगी असेल तिथे तो सोडवून पिना पाहणे. त्यांतला एक मुलगा परवा म्हणाला, “काका, आमच्याकडे एक काटा जरा हलतो, पण ते नुसतं…” आणि माझ्याकडे पाहून थांबला. मी त्याला आत नेऊन कपाटातला गोळ्यांचा रिकामा डबा दाखवला. घोटीच्या माळावरून परत आल्यावर काढलेली ती पिन मी त्यात जपून ठेवली आहे. ती अजून हिरवी आहे. त्याने ती तळहातावर घेतली, खिडकीपाशी जाऊन उलटसुलट करून बघितली, आणि चहा न घेताच गाडीची किल्ली उचलली.